नांगर : शेतातून ग्रंथात गेलेला शब्द

प्रस्तावना

‘नांगर’ हा शब्द मराठीहून जुना आहे, प्राकृताहूनही जुना आहे. संस्कृत ग्रंथात त्याची नोंद झाली त्याच्या आधीपासून तो या देशात जमीन कसणाऱ्या कोणाच्या तरी तोंडी होता. हे पुस्तक त्या एका शब्दाविषयी आहे. एका शब्दावर एवढी पाने खर्ची घालावीत का, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या अवजाराने दख्खनची काळी जमीन आणि कोकणातली भाताची खाचरे पिढ्यानपिढ्या उलथली, त्याचे नाव आले कुठून याचा शोध घेताना आपण कोण, आपल्या आधी इथे कोण होते आणि आपण त्यांच्याकडून काय घेतले, हे प्रश्न आपोआप समोर येतात. शब्दकोशात ‘नांगर’ पाहिला की पुढे ‘सं. लाङ्गल’ अशी नोंद सापडते आणि बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. या पुस्तकाची सुरुवात त्या नोंदीच्या पलीकडे होते.

शब्दाकडे जाण्यापूर्वी वस्तू नीट पाहिली पाहिजे. देशावरचा जुना लाकडी नांगर बहुधा बाभळीचा. सुतार बाभळीचे जाड, मुळातच बाक असलेले खोड निवडतो. तो बाक हाच नांगराचा कणा. खोडाच्या तोंडाशी लोखंडी फाळ बसतो आणि तो निसटू नये म्हणून वसू नावाचे कडे ठोकून घट्ट करतात. मागच्या बाजूला उभे राहते ते रुमणे. त्यावर हात दाबला की फाळ खोल जातो, हात हलका केला की वर येतो. खोडातून पुढे बैलांकडे जाणारा लांब दांडा म्हणजे हळस. हळसीच्या टोकाला जू, जुवात शिवळा आणि बैलाच्या गळ्याखालून येणारे जोते. या नांगराने माती पालटत नाही. फाळ जमिनीत पाचरीसारखा घुसतो, माती फोडतो आणि दोन्ही बाजूंना ढकलतो. फाळाने पाडलेल्या दोन तासांच्या मधे न फुटलेली जमीन उरतेच. म्हणून उभी नांगरट झाली की आडवी नांगरट करावी लागते. फाळ बोथटला की तो लोहाराच्या भात्यावर शेवटून आणायचा. सुताराने नांगर घडवायचा, लोहाराने फाळ शेवटायचा आणि खळ्यावर रास पडली की दोघांनी आपले बलुते न्यायचे, असा हा व्यवहार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात या व्यवहाराचे बारकावे सापडतात.

आता या भागांची नावे पुन्हा वाचावीत. ‘फाळ’ म्हणजे वैदिक ‘फाल’. ‘जू’ म्हणजे ‘युग’. ‘जोते’ म्हणजे ‘योक्त्र’. ‘हळस’ म्हणजे ‘हलीषा’, हलाची ईषा, नांगराचा दांडा. म्हणजे उत्तर भारतात नांगराला जो ‘हल’ शब्द रूढ आहे तोही मराठीत आहे, पण दांड्याच्या नावात दडून. एकाच अवजाराच्या अंगावर अशा वेगवेगळ्या काळांतल्या नावांचे थर आहेत, आणि अख्ख्या अवजाराचे नाव मात्र या सर्वांपेक्षा वेगळ्या घराण्यातले आहे.

‘लाङ्गल’ हा शब्द ऋग्वेदात आहे. चौथ्या मंडलातले सत्तावन्नावे सूक्त क्षेत्रपतीला, म्हणजे शेताच्या देवतेला, उद्देशून आहे. बैल सुखाने चालोत, माणसे सुखाने राबोत, नांगर सुखाने चालो अशी त्यातली भावना आहे. ‘लाङ्गल’, ‘सीता’ आणि ‘फाल’ हे तीनही शब्द तिथे एकत्र भेटतात. सीता म्हणजे नांगराने पाडलेले तास. जनकाला शेत नांगरताना जी मुलगी सापडली तिचे नाव तेच, आणि त्या जनकाचे नाव ‘सीरध्वज’, ज्याच्या ध्वजावर नांगर आहे असा. ‘सीर’ हाही नांगराचाच जुना शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या शेतीवर देखरेख करणारा अधिकारी ‘सीताध्यक्ष’ आहे. बलरामाला हलधर म्हणतात, सीरपाणी म्हणतात आणि लांगलीही म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी संस्कृतात ‘लाङ्गली’ आहे, कारण जमिनीतला तिचा कंद उकरून पाहिला तर तो नांगरासारखा बाकदार दिसतो.

अथर्ववेदातही लाङ्गल आहे. सहा आणि आठ बैलांच्या जुंपणीने जव पेरायची जमीन नांगरल्याचा उल्लेख त्याच वेदात येतो. हा उल्लेख दख्खनच्या शेतकऱ्याला अनोळखी वाटणार नाही. काळ्या, खोल, चिवट जमिनीत चालणारा मोठा नांगर दोन बैलांना ओढत नाही. त्याला सहा किंवा आठ बैल जुंपत. एवढे बैल एका घरी कुठून असणार? मग सावड करायची, माझे बैल तुझ्या शेतात आणि तुझे माझ्या. किंवा इर्जिक घालायची, सगळ्यांनी मिळून एकाचे रान उलटवायचे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. दख्खनच्या शेतीत शेजारधर्म ही जगण्याची गरज होती आणि ती गरज या जड अवजारातून आली होती. म्हणूनच काळे रान दरवर्षी नांगरण्याची पद्धत नव्हती. वर्षानुवर्षे कुळवावर किंवा वखरावर भागवायचे आणि हरळी, कुंदा माजला की मगच मोठा नांगर काढायचा. रब्बी निघाली की फाल्गुन-चैत्रात नांगरट, वैशाखाच्या उन्हात ढेकळे तापू द्यायची, वळवाने ती विरघळली की कुळवायचे आणि मग मृगाची वाट पाहायची. वखर आणि कुळव ही एकाच कामाच्या अवजाराची विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातली नावे. कोकणात तर नांगर-बैलांच्या जोडणीला सरळ ‘जोत’ म्हणतात. या शब्दभेदांवर पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे.

‘लाङ्गल’चा ‘नांगर’ कसा झाला, हा प्रवास तुलनेने सरळ आहे. पालीत ‘नङ्गल’ आहे. प्राकृतात ‘लंगल’ आणि ‘णंगल’ अशी दोन्ही रूपे चालत. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘लाङ्गल’ आणि ‘लाङ्गूल’ या शब्दांतल्या पहिल्या ‘ल’चा विकल्पाने ‘ण’ होतो असा खास नियमच दिला आहे. पुढे शेवटच्या ‘ल’चा ‘र’ झाला आणि मराठीचा ‘नांगर’ तयार झाला. हेमचंद्राच्या नियमातला ‘लाङ्गूल’ म्हणजे शेपूट. आजही आपण ‘लांगूलचालन’ म्हणतो ते त्यातूनच आले. नांगर आणि शेपूट हे शब्द एकमेकांचे नातलग असावेत, हे पुढे युरोपातल्या अभ्यासकांनीही मांडले.

खरी अडचण याच्या आधीच्या पायरीवर आहे. संस्कृतात ‘लाङ्गल’ कुठून आला? त्याला समाधानकारक धातू सापडत नाही. ऋग्वेदाच्या भाषेत ‘ल’ हा वर्ण मुळात विरळ, तिचा ओढा ‘र’कडे, अशा भाषेत दोन ‘ल’ असलेला हा शब्द उपरा वाटतो. लॅटिनमध्ये नांगराला ‘अरात्रुम’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘आरोत्रोन’. ही युरोपातल्या भाषांची सामायिक ठेव आहे, पण नांगरासाठी तो शब्द संस्कृतात नाही. नांगर हातात धरताना वेदकाळच्या लोकांनी त्याचे नाव इथेच कोणाकडून तरी घेतले, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

ते कोणाकडून? फ्रेंच पंडित झाँ प्शिलुस्की यांनी १९२०च्या दशकात याचे उत्तर पूर्वेकडे शोधले. खासी भाषेत नांगर म्हणजे ‘लिंकोर’, संथाळीत ‘नाहेल’, कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ‘अंगल’च्या जवळचा शब्द, मलयात ‘तेंगाला’. या सर्व रूपांमागे ऑस्ट्रोएशियाई कुळातला एक जुना शब्द आहे आणि संस्कृतने तो तिथून उचलला, असे त्यांनी मांडले. त्यांचे, सिल्व्हाँ लेवी यांचे आणि झ्यूल ब्लोक यांचे या विषयावरचे लेख प्रबोधचंद्र बागची यांनी इंग्रजीत आणले आणि १९२९ साली कलकत्ता विद्यापीठाने ते प्रसिद्ध केले. यांतल्या ब्लोक यांचे नाव मराठी अभ्यासकांना परके नाही; मराठी भाषेच्या घडणीवरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

दुसरी वाट दक्षिणेकडे जाते. तमिळमध्ये ‘नाञ्जिल’, कन्नडमध्ये ‘नेगिलु’, तेलुगूमध्ये ‘नागलि’, आणि आपल्या शेजारच्या गोंडीत ‘नांगेल’. टी. बरो आणि एम. बी. एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ही सगळी रूपे एका नोंदीखाली आहेत. द्राविडी भाषांनी शब्द दिला की त्यांनीही तो घेतला, यावर पंडितांत मतभेद आहेत. तिसरे मत असे की मुंडा, द्राविडी आणि आर्य या तिन्ही कुळांनी तो आता नामशेष झालेल्या एखाद्या चौथ्या भाषेकडून घेतला. हे मत कल्पनारम्य वाटेल, पण त्याला आधार आहे. माधव देशपांडे आणि पीटर हूक यांनी संपादित केलेल्या १९७९ सालच्या ग्रंथात कॉलिन मासिका यांनी हिंदी प्रदेशातल्या शेतीच्या शब्दसंग्रहाची छाननी केली. त्यांतले सुमारे ३० टक्के शब्द आर्य, द्राविडी वा मुंडा यांपैकी कोणत्याही ज्ञात कुळात बसत नाहीत असे त्यांना आढळले. त्या अज्ञात उगमाला त्यांनी ‘क्ष’ भाषा असे कामचलाऊ नाव दिले. ती भाषा बोलणारी माणसे गेली, तिची एकही ओळ उरली नाही. उरले ते शेतातले शब्द.

या तीन मतांपैकी कोणतेही स्वीकारा, एक गोष्ट तिन्हींत समान आहे. शब्द शेतातून ग्रंथात गेला. भाषा वरून खाली झिरपते, आधी संस्कृत मग प्राकृत मग बोली, असे आपण शाळेपासून शिकत आलो. ‘नांगर’ची कथा या शिकवणीला अपुरी ठरवते. जमीन कसणाऱ्याने आपल्या हातातल्या वस्तूला नाव दिले, मंत्र रचणाऱ्याने ते स्वीकारले, आणि तेच नाव हजारो वर्षांनी पुन्हा कसणाऱ्याच्या तोंडी आले. या पुस्तकाचे सारे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पूर्ण विश्वासाने मांडतो.

नांगरटीचा भौतिक पुरावा तर वेदांच्याही मागे जातो. राजस्थानात कालीबंगा येथे ब. ब. लाल आणि बा. कृ. थापर यांच्या उत्खननात हडप्पा संस्कृतीच्या आरंभकाळातले, इ.स.पू. २८००च्या सुमाराचे नांगरलेले शेत उघडे पडले. त्यात तासे एकमेकांना काटकोनात छेदणारी आहेत; एका दिशेची तासे सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, दुसऱ्या दिशेची सुमारे १९० सेंटिमीटर अंतरावर. उत्खननाच्या वेळी त्या परिसरातले शेतकरी दाट तासांत एक आणि विरळ तासांत दुसरे पीक घेण्यासाठी अशीच आखणी करत, हे उत्खननकारांच्या लक्षात आले. हरयाणातल्या बनावलीत मातीचा छोटा नांगर सापडला, कोण्या कुंभाराने घडवलेला. त्या लोकांनी नांगराला काय नाव दिले होते ते त्यांची लिपी वाचल्याशिवाय कळणार नाही, पण नांगर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता हे उघड आहे.

आता भारताचा नकाशा समोर धरून हा शब्द आज कुठे जिवंत आहे ते पाहावे. पंजाब, राजस्थान, गुजरात आणि हिंदीचा मोठा पट्टा इथे ‘हल’ किंवा ‘हळ’. बंगालीत मात्र ‘लांगल’, असमियात ‘नांगल’, ओडियात ‘नंगळ’ आणि ‘लंगळ’, सिंहलीत ‘नगुल’, छत्तीसगढीत थेट आपल्यासारखा ‘नांगर’. म्हणजे या एका शब्दापुरती मराठी आपल्या वायव्येच्या आणि उत्तरेच्या शेजाऱ्यांकडे पाठ फिरवून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातखाचरांतून पूर्वेला निघालो तर छत्तीसगढ, ओडिशा, बंगाल, आसाम असा हा शब्द आपली साथ सोडत नाही. हा मुख्यतः भाताचा प्रदेश आहे, आणि याच पट्ट्यात गोंड, मुंडा, संथाळ, खासी या लोकांची वस्ती आहे. महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या ‘गाथासप्तशती’त नांगर चालवणाऱ्याला ‘हलिअ’ म्हटले आहे. नांगर चालवणाऱ्याच्या नावात दरबारी काव्याने ‘हल’ वापरला, तरी अवजाराचे नाव म्हणून गावाने ‘णंगल’ राखला. भाषेच्या बाबतीत गावाची निवड अखेर टिकली.

मराठी माणसाने या शब्दाला आपल्या सुखदुःखात ओढून घेतले. घरादारावरून नांगर फिरवणे म्हणजे सर्वनाश. गाढवाचा नांगर फिरवणे म्हणजे त्याहून अधिक, वस्ती कायमची उजाड करण्याचा शाप. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि त्यावरून गाढवाचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. आणि जिजाबाईंनी शिवरायांच्या हातून त्याच भूमीत सोन्याचा फाळ लावलेला नांगर चालवून तो शाप उतरवला, हेही तीच परंपरा सांगते. ही आठवण लोकांनी तीन-चारशे वर्षे जपली, कारण नांगर हे वस्तीचे, निर्भयतेचे आणि हक्काने राहण्याचे चिन्ह आहे हे त्यांना ठाऊक होते. दर्यावर्दी लोकांनीही हा शब्द उचलला. जहाज रोखणाऱ्या लोखंडी आकड्याला फारसीत आणि हिंदीत ‘लंगर’ म्हणतात; मराठीत मात्र तो ‘नांगर’ झाला, आणि आपली जहाजे बंदरात नांगरली जाऊ लागली.

विसाव्या शतकात वस्तू बदलली. १९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हळूहळू लोखंडी नांगर गावोगाव पोचला. त्याला पंख होता. तो माती फोडून थांबत नव्हता, ती उलटी करत होता. आज ट्रॅक्टरमागे पलटी नांगर लागतो, रोटाव्हेटर फिरतो. ‘नांगर’ हा शब्द या बदलातून सुखरूप बाहेर आला. इतकी वळणे घेतलेल्या शब्दाला हे एक वळण जड नव्हते. त्याच्या सोबतच्या शब्दांचे मात्र तसे नाही. ट्रॅक्टरला हळस नाही, रुमणे नाही, शिवळ नाही, वसू नाही. फाळ शेवटणारा भाता अनेक गावांत विझला आहे. जी वस्तू हातातून जाते तिचे नाव फार तर एक पिढी टिकते.

आपल्याकडे कोशांची थोर परंपरा आहे. मोल्सवर्थने १८३१ साली आणि पुन्हा १८५७ साली शेतीचे शेकडो शब्द टिपले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२ ते १९३८ या वर्षांत त्यांत मोठी भर घातली. कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६च्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’त त्यांची मुळे शोधली. हे पुस्तक त्या सर्वांच्या ऋणात आहे. तरीही कोशाने टिपले त्याहून पुष्कळ शब्द अजून शेतात आहेत, कारण कोश बहुधा शहरात बसून झाले आणि शब्द तालुक्यातालुक्याला बदलतात.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. आधी अवजार आणि त्याचे भाग, मग वेदांपासून मराठीपर्यंतचा शब्दप्रवास, मग उगमाविषयीचे वाद, त्यानंतर महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतली नावे, आणि शेवटी म्हणी, वाक्प्रचार व दैवतकथा. व्युत्पत्तीची चर्चा ज्यांना किचकट वाटेल त्यांनी ती दोन प्रकरणे सोडून पहिल्यानंतर थेट चौथे वाचले तरी चालेल.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरात किंवा गावात बैलांच्या औतामागे चाललेली माणसे अजून असतील. त्यांच्याजवळ बसा आणि नांगराच्या प्रत्येक भागाला ते काय म्हणत ते विचारा. पाभरीच्या, कुळवाच्या, मोटेच्या भागांचीही नावे विचारा. उत्तर जसे उच्चारले तसेच लिहा, शुद्ध करू नका. शेजारी गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहा, आणि जमले तर वस्तूचे चित्र काढा. मराठीच्या इतिहासाचा हा पुरावा आहे आणि तो गोळा करायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. मात्र हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही, कारण सांगणारी माणसे आज आहेत.